न दुखणारी जखम

पायाला काही लागलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "दुखतंय का?" समोरचा 'नाही' म्हणाला की विषय संपतो. इतर कुणाच्या बाबतीत हे खपून जातं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाबाबत मात्र याच प्रश्नाने घात होतो. टाचेत काटा मोडलाय, करंगळीच्या कडेला फोड फुटलाय, तळव्यातून पाणी येऊन मोजा ओला झालाय आणि माणूस खुशाल चालतोय, कारण त्याला दुखतच नाही. घरच्यांना वाटतं, यांची सोसायची ताकदच मोठी. प्रत्यक्षात दुखण्याची खबर मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नसाच निकामी झालेल्या असतात.

या प्रकरणात नखं, चपला, भेगा, आंघोळीचं पाणी अशा बऱ्याच गोष्टी येतील. त्या सगळ्यांमागचं सूत्र एकच आहे. मधुमेहात पाय दुखायची वाट पाहायची नाही. वेदनेने जे काम करायचं, ते आपण रोज डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. आणि जखम दिसूनही दुखत नसेल, तर डॉक्टरकडे जायची घाई अधिक करायची.

प्रश्न केवढा आहे, ते आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. मधुमेह असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला चिघळणारी जखम होते, असा जाणकारांचा अंदाज आहे. मधुमेहामुळे ज्यांचा पाय किंवा बोट कापावं लागतं, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांची सुरुवात अशाच एखाद्या जखमेपासून झालेली असते. हा शेवटचा आकडा धीर देणाराही आहे. जखम होऊच दिली नाही किंवा झाल्या झाल्या पकडली, तर पुढचा बहुतेक अनर्थ टळतो.

पायांवरच का येतं?

शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात. कंबरेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत त्यांची लांबी साधारण एक मीटर भरते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना आणि नसांचं पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. ती आधी सगळ्यात लांब नसांच्या टोकाला जाणवते. म्हणून बधिरपणा बोटांच्या शेंड्यांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. दोन्ही पाय जवळपास बरोबरीने बधिर होत जातात, त्यामुळे एका पायाची दुसऱ्याशी तुलना करून फरक कळावा, तीही सोय राहत नाही.

नसा तीन प्रकारची कामं करतात आणि तिन्ही बिघडतात. स्पर्श, वेदना, थंड-गरम कळणं कमी होतं, हे पहिलं. दुसरं म्हणजे पायाच्या पंजातले लहान स्नायू सुकतात, बोटं आकड्यासारखी वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिसरं, घाम आणणाऱ्या नसा मंदावल्या की कातडी कोरडी पडून टाचांना खोल भेगा पडतात. भार जिथे जास्त पडतो तिथे कातडी जाड होऊन घट्टा तयार होतो. बुटात अडकलेला खडा दिवसभर एकाच जागी टोचत राहावा, तसा तो आतल्या मांसाला दाबत राहतो. वरून टणक दिसणाऱ्या घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग पाणी, मग पू. घट्ट्याच्या मधोमध काळसर किंवा लालसर ठिपका दिसला, तर आत जखम सुरू झाली आहे असं समजावं.

याच्या जोडीला रक्तवाहिन्या असतात. मधुमेहात पायांकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद होतात, आणि विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी यांची सवय असेल तर हे फार झपाट्याने होतं. रक्त पोचलं नाही तर जखम भरायला लागणारा प्राणवायू पोचत नाही आणि औषधही पोचत नाही. एरवी अशा माणसाच्या पोटऱ्या चालताना भरून येतात, थांबल्यावर बरं वाटतं. पण नसा बधिर असतील तर ही सूचनाही मिळत नाही. पाय गार पडणं, पायावरचे केस झडणं, कातडी पातळ आणि तुकतुकीत दिसणं, या खुणा मात्र डोळ्यांना दिसतात. शिवाय साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. बधिर पाय, कमी रक्त आणि वाढलेले जंतू असे तिघे एकत्र आले, की साध्या ओरखड्याचं गँगरीन व्हायला फार दिवस लागत नाहीत.

वेल्लोरहून आलेलं शहाणपण

बधिर पायांबद्दल आज जगभर जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग भारतात, कुष्ठरोग्यांची सेवा करताना उमगलेला आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. लंडनमध्ये शल्यचिकित्सा शिकून ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस आपोआप सडतं, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड आपल्या रुग्णांचं रोजचं जगणं बारकाईने पाहू लागले. कुणी गंजलेल्या कुलपात किल्ली इतक्या जोराने फिरवी की बोट फाटे आणि त्याला पत्ताही नसे. कुणी चुलीवरचं भांडं नुसत्या हाताने उचले. काहींची बोटं रात्रीतून कमी झालेली दिसत. पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रुग्णाला जाग येत नव्हती. मग ब्रँड यांनी रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या.

त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. अवयव रोगाने सडत नव्हते, वेदना नसल्यामुळे माणूस त्यांना नकळत रोज इजा करत होता. इजा थांबवली तर जखमा भरत होत्या. दाब सगळीकडे सारखा वाटला जावा म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेल्या चपला याच कामातून पुढे आल्या. एमसीआर चप्पल या नावाने त्या आजही कुष्ठरोग केंद्रांत आणि मधुमेही पायांच्या दवाखान्यांत मिळतात. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेह्यांच्या तळपायांच्या जखमा पाहिल्यावर त्यांना त्या ओळखीच्याच वाटल्या. तीच जागा, तेच कारण. कुष्ठरोगात वापरलं जाणारं, पायाला सर्व बाजूंनी घट्ट बसणारं प्लास्टर त्यांनी मधुमेह्यांसाठी वापरलं. चवड्याखालच्या जखमेवरचा भार काढायचा तर गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं असं प्लास्टर हाच उत्तम उपाय, हे पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं.

'काढता न येणारं' याला महत्त्व आहे. काढता येणारा बूट दिला तर लोक बाहेर जाताना तो घालतात आणि घरात आले की काढून ठेवतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांची पावलं यंत्राने मोजली, तेव्हा दिवसभराच्या चालण्यातला जेमतेम २८ टक्के भागच तो बूट घालून झाल्याचं दिसलं. उरलेलं सगळं चालणं उघड्या जखमेवर. दुखत असतं तर कुणीच असं केलं नसतं.

जळजळ, मुंग्या आणि निसटलेली चप्पल

बधिरपणा एका रात्रीत येत नाही. त्याआधी बऱ्याच जणांना तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरूण पायाला लागलेलं सहन होत नाही. आपल्याकडे याला 'उष्णता' म्हणतात आणि काशाच्या वाटीने तूप चोळतात. तळव्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि कातडी शाबूत असेल तर हलक्या हाताने तूप चोळण्यात काही वावगंही नाही. पण साखर न तपासता महिनोन्‌महिने नुसती वाटी फिरवत राहिलं, तर मुख्य दुखणं अंगावर काढलं जातं. भेगा किंवा जखम असताना तर वाटी फिरवूच नये. बधिर तळवा किती रगडला गेला, हे त्या माणसाला कळत नाही.

काही दिवसांनी आग कमी होते. माणूस म्हणतो, चला, बरं झालं. खरं तर अनेकदा तिथूनच धोका वाढलेला असतो, कारण दुखणं नव्हे, नसच गेलेली असते. पुढच्या खुणा रुग्ण स्वतःच सांगतात, आपण ऐकायला हव्यात. 'कापसावर चालल्यासारखं वाटतं.' 'फरशी गार आहे का गरम, कळत नाही.' आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे 'चप्पल पायातून निसटून मागे राहिली, चार पावलं पुढे गेल्यावर कळलं.' घरातलं वडीलधारं माणूस असं काही म्हणालं, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका.

दवाखान्यात बधिरपणा तपासायला नायलॉनच्या तंतूची एक साधी कांडी वापरतात. रुग्णाने डोळे मिटायचे. डॉक्टर तो तंतू तळव्यावर आडवा न फिरवता उभा टेकवतात आणि तो किंचित वाकेपर्यंतच दाबतात. तो वाकतो तेव्हा त्वचेवर बरोबर १० ग्रॅमचा दाब पडलेला असतो. "लागतंय का? कुठल्या पायाला?" एवढंच विचारायचं. अंगठा, चवडा अशा ठरावीक जागी तो स्पर्श कळला नाही, तर त्या पायाचं नैसर्गिक संरक्षण गेलं आहे असं धरतात. घट्टा असलेल्या जागेवर मात्र तंतू टेकवत नाहीत, कारण जाड कातडीवर कुणालाच नीट कळत नाही.

घरी करता येईल अशीही एक चाचणी आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ती २०११ मध्ये मांडली. तिला कुठलंही साधन लागत नाही. ज्याची तपासणी करायची त्याने पाय उघडे करून पडावं आणि डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या शेंड्यांना एकेकदाच, एक-दोन सेकंद, अगदी हलका स्पर्श करावा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, कळलं नाही म्हणून पुन्हा लावायचं नाही. स्पर्श कळला की त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर डॉक्टरकडून पायांची पूर्ण तपासणी करून घ्यायची वेळ आली आहे.

रोजची पाच मिनिटं

रात्री जेवणं आटोपल्यावर, चांगल्या उजेडात, रोज एकाच वेळी पाय पाहायचे. वेळ ठरलेली असली की ते चुकत नाही. पायांची वरची बाजू, तळवे, टाचा, बोटांच्या मधल्या फटी, नखांच्या कडा, घोटे. लाल डाग, फोड, चीर, सूज, काळसर ठिपका, ओलसरपणा, वेगळा वास, काल नसलेलं काहीही. मग दोन्ही पायांना हाताची मागची बाजू लावून पाहायची. एक पाय दुसऱ्यापेक्षा एकाच जागी जास्त गरम लागला, तर आत काहीतरी धुमसतंय. त्वचेचं तापमान मोजणारं साधन असेल, तर त्याच जागेवर दोन्ही पायांत २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सतत दिसणं ही इशाऱ्याची पातळी मानतात. तेव्हा चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं.

वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा मोबाइलवर तळव्याचा फोटो काढून मोठा करून पाहावा. मधुमेहात नजरही अधू झालेली असू शकते, म्हणून घरातल्या कुणी पाहिलं तर सगळ्यात उत्तम. इथे आपल्याकडे एक अडचण येते. मुलाने किंवा सुनेने पाय पाहावेत हे आजीला पटतं. पण नवऱ्याने आपला पाय हातात घ्यायचा म्हटलं की अनेक बायकांना अवघडल्यासारखं होतं, कारण त्यांना लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं. या अवघडण्यापायी कितीतरी बायकांच्या जखमा उशिरा कळतात. घरातल्या पुरुषांनी आपण होऊन पुढे व्हावं. हे औषध देण्याइतकंच साधं काम आहे.

पाय रोज साध्या किंवा कोमट पाण्याने धुवावेत. बंबाचं किंवा गीझरचं पाणी पायाने अजमावू नये. आधी कोपर बुडवावं किंवा ज्याला मधुमेह नाही त्याने हात घालून पाहावं. पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत, मिठाच्या गरम पाण्यात तर नाहीच. धुतल्यावर मऊ कापडाने टिपावेत, बोटांच्या फटी विशेष काळजीने. पावसाळ्यात आणि भातलावणीच्या दिवसांत चिखल्या होतात त्या इथेच. ओल्या फटीतली कातडी पांढरी पडून फाटते आणि जंतूंना वाट मिळते. टाचांना आणि तळव्यांना खोबरेल तेल, व्हॅसलिन किंवा साधं मलम लावावं, पण फटींमध्ये लावू नये. नखं आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापावीत, कोपरे आत खणू नयेत.

घट्टा किंवा कुरूप घरी कापायचं नाही. ब्लेड, पत्ती, दगड घासणं, दुकानातली कॉर्न कॅप, सगळंच वर्ज्य. कॉर्न कॅपमधलं आम्ल कुरूप कुठे संपतं आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे ओळखत नाही. खेड्यापाड्यांत कुरूपावर आणि भेगांवर बिब्बा घालतात. बिब्ब्याचं तेल जहाल असतं, त्याने कातडी भाजून निघते, आणि बधिर पायाला ते भाजणं कळतच नाही. प्रशिक्षित माणसाकडून घट्टा तासून घेतला की त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. एवढ्या साध्या गोष्टीनेही जखम टळते.

अनवाणी पाय

घरात चप्पल घालायची नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. मधुमेह असलेल्यांनी ते बदलायला हवं. घरात वापरायची वेगळी, स्वच्छ, मागे पट्टा असलेली चप्पल ठेवावी. सांडलेली टाचणी, पाटाची कड, काचेचा कण हे सगळं घरातच लागतं. नुसते मोजे घालून चालणंही अनवाणी चालण्यासारखंच.

देवळात काय करायचं, हे सगळेच विचारतात. उन्हाळ्यात दुपारी फरसबंद आवारात प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले आणि संध्याकाळी मोठाले फोड आलेले रुग्ण दरवर्षी दवाखान्यांत येतात. दर्शन सकाळी लवकर घ्यावं आणि चालत असेल तिथे जाड स्वच्छ मोजे घालून जावं. बधिर पायांनी नवसाच्या अनवाणी पायऱ्या चढू नयेत. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. मधुमेह असलेला वारकरी वारी करू शकतो, पण आधी पाय तपासून घेऊन, जुने सवयीचे बूट घालून, सोबत मोज्यांचे जादा जोड ठेवून आणि प्रत्येक मुक्कामाला तळवे पाहून. जाणवत असलेल्या पायांनी अनवाणी चालणं आणि बधिर पायांनी अनवाणी चालणं यांत फार फरक आहे. माऊली चपलेतल्या भक्तालाही दर्शन देतात, असं आपल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने सांगायला हवं.

चपलेचं म्हणाल तर अंगठ्याची चप्पल नको. तिचा पट्टा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये घासतो, शिवाय ती पायात टिकवायला बोटं सारखी आवळावी लागतात. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी तिचा टणक तळ बधिर पायाच्या कामाचा नाही. पातळ रबरी स्लीपरमधून बाभळीचा काटा सरळ आरपार येतो, म्हणून शेतात जाड तळाचा बंद बूट हवा. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून घालून पाहावा. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर जास्त असावी. घरून कागदावर पायाची आकृती काढून, कापून न्यावी आणि बुटात सरकवून पाहावी. कागदाच्या कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे. दुकानदाराने 'वापरून वापरून सैल होतो' म्हटलं तर ऐकू नये. सैल होईपर्यंत पाय सोलून निघतो. नवा बूट पहिले काही दिवस एक-दोन तासच घालावा. आणि रोज पायात घालण्याआधी चप्पल-बूट उलटा करून झटकावा, हात घालून आतून चाचपावा, तळ उलटून पाहावा. खिळ्याचं टोक, खडा, दुमडलेला अस्तराचा तुकडा हाताला लागतो. पायाला तो लागला नसता.

आणखी काही सवयी नजरेखाली घ्याव्यात. घट्ट जोडवी बोटाला रुतत असतील तर सैल करून घ्यावीत. जमिनीवर तासन्‌तास मांडी घालून बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घट्टा होतो आणि तोही फुटतो. शेकोटीकडे पाय करून बसणं, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं, मोटारसायकलच्या सायलेन्सरजवळ पाय टेकणं, हे सगळं टाळावं. घरात उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त करावा आणि रात्री पाय झाकून झोपावं. उंदीर चावल्याच्या जखमा फक्त वेल्लोरच्या आठवणींत नाहीत, आजही होतात.

जखम झालीच तर

स्वच्छ पाण्याने धुवा, निर्जंतुक कोरड्या गॉजने झाका, त्या पायावर चालणं थांबवा आणि २४ तासांच्या आत डॉक्टरकडे जा. हळद, चुना, राख, कुठलीही पूड जखमेत भरू नका. त्याने जखम बरी होत नाही, उलट डॉक्टरांना आतलं दिसत नाही. आजूबाजूला लाली पसरत असेल, पाय गरम किंवा सुजलेला असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, थंडी-ताप असेल, काही कारण नसताना साखर अचानक चढली असेल किंवा बोट निळं-काळं पडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. 'सोमवारी बघू' म्हणू नका. शनिवार ते सोमवार एवढ्यात बोटापुरता प्रश्न पावलापर्यंत जाऊ शकतो.

उपचारांत अँटिबायोटिकपेक्षा मोठं काम तीन गोष्टी करतात. मेलेली कातडी काढणं, जखमेवरचा भार काढणं आणि रक्तपुरवठा तपासणं. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून धमन्या अरुंद झाल्यात का ते पाहतात. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असल्या तर हा आकडा फसवा येतो, म्हणून गरजेप्रमाणे अंगठ्याचा दाब किंवा डॉप्लर तपासणी करतात. जखम भरत नाही म्हणून कुणी पाय कापायचा सल्ला दिला, तर तातडीचा जंतुसंसर्ग जिवावर बेतलेला नसेल तेव्हा 'रक्तपुरवठा तपासला का?' हा प्रश्न जरूर विचारा. बंद धमनी उघडता येत असेल तर पाय वाचू शकतो.

एक अवस्था अशी आहे की जखमच नसते, तरी पाय धोक्यात असतो. पाऊल अचानक सुजतं, लाल होतं, हाताला गरम लागतं आणि दुखणं असलं तर थोडंसंच. पाय मुरगळला असेल म्हणून लोक चोळतात, हाडवैद्याकडे नेतात, कधी त्याला युरिक ॲसिड समजून गोळ्या घेतात. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतून मोडायला लागलेले असू शकतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी दुसऱ्या एका नसांच्या आजारात १८६८ मध्ये ही स्थिती वर्णिली, म्हणून तिला शार्को फूट म्हणतात. चालत राहिलं तर काही आठवड्यांत पायाची कमान कोसळून तळवा होडीसारखा बाहेर येतो. वेळीच प्लास्टर घालून भार काढला तर आकार टिकतो. म्हणून मधुमेह्याचं एकच पाऊल गरम आणि सुजलेलं दिसलं, तर ते आधी टेकवणं बंद करा आणि मग निदान करून घ्या.

जखम भरली म्हणजे काम संपलं असं नाही. भरलेल्या दर शंभर जणांपैकी सुमारे चाळीस जणांना वर्षाच्या आत आणि पाच वर्षांत जवळपास पासष्ट जणांना पुन्हा जखम होते. नसा परत आलेल्या नसतात, म्हणून नवी चप्पल, रोजची पाहणी आणि डॉक्टरांकडची फेरी ही जन्मभराची असते.

वाचवता येतं, हे सिद्ध झालंय

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ मध्ये खास पायांचा दवाखाना सुरू झाला. मधुमेहतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, परिचारिका, पायांची निगा करणारे आणि बूट बनवणारे एकाच छताखाली आले आणि काही वर्षांतच तिथल्या मोठ्या शस्त्रक्रियांचं, म्हणजे पाय कापण्याचं, प्रमाण निम्म्याच्या जवळपास आलं. असं मोठं पथक प्रत्येक तालुक्याला मिळणं शक्य नाही, हे ओळखून नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातल्या दार-एस-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी २००४ च्या सुमारास 'स्टेप बाय स्टेप' उपक्रम राबवला. लहान गावांतल्या डॉक्टरांना, सोबत परिचारिका किंवा सहायकाची जोडी करून, प्रशिक्षण द्यायचं. घट्टा कसा तासायचा, तंतूने कसं तपासायचं, जखमेवरचा भार कसा काढायचा आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचं, हे हाताने करून शिकवायचं. विदर्भातल्या शेतकऱ्याची जखम आणि टांझानियातल्या कोळ्याची जखम सारख्याच चुकांनी होते आणि सारख्याच उपायांनी टळते, यावर हा उपक्रम उभा राहिला. पुढे अनेक देशांनी तो घेतला.

मूळ दुखण्याकडेही पाहायला हवं. टाइप १ मधुमेहाच्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्यांमध्ये नसांचं नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं. टाइप २ मध्ये नसांवरचा हा फायदा एवढा मोठा नसतो, तिथे साखरेबरोबरच रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन आणि तंबाखू यांच्याकडेही तेवढंच लक्ष द्यावं लागतं. गेलेली नस परत येत नाही, पण उरलेली टिकवता येते.

आता पाय किती वेळा तपासून घ्यायचे ते पाहू. स्पर्श आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा. यांतलं एक बिघडलं असेल तर सहा महिने ते वर्षाने. दोन्ही बिघडले असतील किंवा एकच बिघडून त्याच्या जोडीला पायाची ठेवण बदलली असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी जखम झालेली असेल, बोट कापलं गेलं असेल किंवा मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर दर एक ते तीन महिन्यांनी. ही तपासणी जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षातही मागता येते. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर साखरेचा कागद पाहतात, गोळ्या लिहितात आणि पुढचा नंबर पुकारतात. पाय बुटातच राहतात. म्हणून पुढच्या वेळी खुर्चीवर बसताबसताच बूट-मोजे काढून ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, आज पाय बघा." उघडे पाय समोर दिसले की बहुतेक डॉक्टर ते पाहतात. आईवडिलांना दवाखान्यात तुम्ही नेत असाल, तर त्यांच्या वतीने हे तुम्ही म्हणा.